२००२ च्या आधीची पानेही दिसू द्या

माननीय संपादक,
स.न.वि.वि.

सातारा जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी मी ३३ वर्षे वकिलांसाठी सर्च घेण्याचे, म्हणजे जमिनीचे आधी नोंदलेले व्यवहार शोधण्याचे, काम केले. जमिनीचा व्यवहार ठरला की वकीलसाहेब चिठ्ठी देत: गाव, गट नंबर, देणाऱ्याचे नाव. ती घेऊन दुय्यम निबंधक कार्यालयात जायचे, फी भरून पावती घ्यायची आणि सूची दोनची, म्हणजे नोंदलेल्या दस्तांच्या यादीची, पुस्तके एकेक वर्ष मागे चाळत बसायचे. तीस वर्षे मागे गेलो की सर्च पुरा.

आता नोंदणी विभागाच्या संकेतस्थळावर ई-सर्च आहे आणि तो विनाशुल्क आहे. डिजिटल सहीचा सातबारा १५ रुपयांत घरी निघतो. पूर्वी त्यासाठी तलाठ्याच्या सज्जावर तीन-तीन खेपा व्हायच्या. खरेदीखत नोंदले की त्याची माहिती ई-फेरफारमध्ये, म्हणजे सातबाऱ्यावरचे नाव बदलण्याच्या ऑनलाइन व्यवस्थेत, आपोआप जाते, हे तर मला सर्वांत मोलाचे वाटते. का, ते पुढे सांगतो. या सुधारणांबद्दल माझी तक्रार नाही.

काळजी आहे ती एका तारखेची. ई-सर्चमध्ये मुंबईचे दस्त १९८५ पासून दिसतात, उरलेल्या महाराष्ट्राचे २००२ पासून. म्हणजे आमच्याकडे तीस वर्षे मागे जायचे तर शेवटची काही वर्षे आजही कागदी पुस्तकातच आहेत. नव्या मुलांना हे ठाऊक नसते असे नाही. पण स्क्रीनवर काही निघाले नाही, सातबारा कोरा आहे, आठ-अ (खातेउतारा) जुळतो, मग धुळीत कोण बसणार? अहवालावर मात्र ‘तीस वर्षांचा शोध’ असेच छापून येते.

काही वर्षांपूर्वी एक निवृत्त गुरुजी रस्त्याकडेची २० गुंठे जमीन घेत होते. इसार देऊन झाला होता. ऑनलाइन काहीच निघाले नाही. सातबाऱ्यावर विकणाऱ्याच्या वडिलांचे आणि नंतर वारसाने त्याचे स्वतःचे नाव, इतर हक्कात बोजा नाही. वकीलसाहेब जुन्या वळणाचे, म्हणून त्यांनी मला पाठवले. १९९७ च्या पुस्तकात, पान कडेने फाटलेले, शाई विटलेली, तोच गट आणि तेच २० गुंठे सापडले. वडिलांनी ते गावातल्याच एकाला खरेदी देऊन टाकले होते. घेणारा मुंबईला माथाडी कामगार. खरेदीखत झाले म्हणजे सगळे झाले असे समजून तो मुंबईला परतला. तलाठ्याकडे वर्दी (व्यवहाराची खबर) दिलीच नाही, म्हणून फेरफार धरला गेला नाही आणि सातबारा जुन्याच नावाने चालत राहिला. विकणाऱ्या मुलालाही याची कल्पना नव्हती, असे मी आजही मानतो.

गुरुजींचा इसार परत मिळाला. त्या माथाडी कामगाराच्या पत्नीचा पत्ता गावातूनच काढला. नवरा वारला होता, खरेदीखत ट्रंकेत जपलेले होते. जमीन आपल्या नावावर लागलेली नाही, हे त्या बाईंना आमच्याकडून कळले. पुढे वर्षभराने सातबाऱ्यावर त्यांचे आणि मुलांचे नाव चढले. ई-फेरफार तेव्हा असता तर हे घडलेच नसते, म्हणून मी त्याला मोलाचा म्हटले. पण २००२ च्या आधी वर्दीवाचून राहिलेले असे दस्त अजून पुस्तकांत पडून आहेत. त्या एका कार्यालयातच मी ते अनेकदा पाहिले.

इथे कायदा काय म्हणतो ते वाचकांनी नीट लक्षात घ्यावे. १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्याच्या कलम ३ प्रमाणे, स्थावर मिळकतीचा दस्त रीतसर नोंदलेला असला की पुढच्या घेणाऱ्याला त्याची माहिती होती असेच धरले जाते. ‘संकेतस्थळावर दिसला नाही’ हे उत्तर कोर्टात चालत नाही. सातबाराही तुम्हाला तारत नाही. महसुली नोंद उलट सिद्ध होईपर्यंत खरी धरतात एवढेच, तिने मालकी मिळत नाही. जे पान घरबसल्या पाहायची सोय शासनाने दिलेली नाही, त्या पानाची जोखीम मात्र घेणाऱ्यावर. हा अन्याय आहे.

महसूल विभागाने जुने सातबारे आणि फेरफार स्कॅन करून ‘आपले अभिलेख’वर ठेवायला सुरुवात केली. नोंदणी विभागाने सूची दोनच्या जुन्या पुस्तकांचे तसेच करावे. मात्र टंकून नव्हे, मूळ पानाचे चित्र म्हणून. टंकताना ‘२१४/२’ आणि ‘२१४/२अ’ यांत एक अक्षर हुकले की शोध रिकामा येतो आणि माणूस निश्चिंत होतो. त्याच्या जोडीला जमिनीच्या एकत्रीकरणाचे (तुकडे जोडून गट केल्याचे) नऊ-तीन, नऊ-चारचे उतारे हवेत. कुठला सर्व्हे नंबर कुठल्या गटात गेला, हे त्यांशिवाय कळत नाही. आणि तोवर निदान ई-सर्चच्या निकालावरच ठळक लिहावे: ‘२००२ पूर्वीचा शोध यात नाही.’ याला खर्च काहीच नाही.

पुस्तके फार दिवस टिकणार नाहीत. बांधणी सुटली आहे, काहींना कसर लागली आहे, पाने उलटताना कोपरा हातात येतो. १९८० पासूनच्या आमच्या कार्यालयातल्या बहुतेक कारकुनांची अक्षरे मला ओळखता येतात. स्कॅनिंगच्या वेळी अक्षर लावायला माणूस लागला, तर मी रोज येऊन बसेन. मानधन नको.

आपला,
एक निवृत्त सर्च कारकून, जि. सातारा