पान्हा फुटेपर्यंतचं मिनिट

लीड्स, इंग्लंड

चि. मनू,
अनेक आशीर्वाद.

बाळ दीड महिन्याचं झालं, आता माइंडफुलनेससाठी, म्हणजे आत्ताच्या क्षणाकडे लक्ष देण्याच्या सरावासाठी, वेळ कुठून काढू, असं तू विचारलंस. वेगळा वेळ काढूच नकोस. जॉन कबात-झिन यांनी १९७९ साली मॅसॅच्युसेट्सच्या वैद्यकीय महाविद्यालयात याचा कोर्स सुरू केला. तो आठ आठवड्यांचा, आणि घरी सराव रोज पाऊण तास. बाळंतिणीला सलग पाऊण तास मिळालाच तर तिनं झोपावं, असं माझं स्पष्ट मत आहे. इगतपुरीचं दहा दिवसांचं विपश्यनेचं शिबिरही पुढे कधीतरी. सध्या जे काम हातात आहे, त्यालाच लक्ष जोडायचं.

सगळ्यात सोयीचं काम म्हणजे पाजणं. तान्हं बाळ दिवस-रात्र मिळून ८ ते १२ वेळा पितं. त्यातल्या दोन-तीन वेळाच निवड. बाळाला जवळ घेण्याआधी पाठीशी उशी घे, तळपाय जमिनीला टेकव. खांदे नकळत कानांकडे चढलेले असतात, ते खाली सोड. दात आवळलेले असतील तर जबडा सैल कर. नाकानं श्वास घे आणि दुधावर फुंकर घालतो तसा सावकाश सोड. असं तीनदा. मग बाळाला घे आणि कान त्याच्याकडे लाव. आधी ते भराभर, उथळ चोखतं. मिनिटभरानं, कधी दोन मिनिटांनी, पान्हा फुटला की लय बदलते: लांब ओढ, घोट, बारीकसा थांबा, परत ओढ. तो घोट गिळल्याचा हलका आवाज येईपर्यंत लक्ष तिथेच असू दे. बस्स, एका वेळेचा सराव झाला.

खांद्यांवर मी एवढा भर देते त्याला कारण आहे. पान्हा फुटतो तो ऑक्सिटोसिन या संप्रेरकामुळे, आणि ताण किंवा दुखणं असलं की ते सुटायला उशीर होतो. मग बाळ चिडतं, तू आणखी आखडतेस. मधे मन कपड्यांच्या ढिगाकडे जाईल, आईच्या एखाद्या बोलण्याकडे जाईल. मनात नुसतं ‘विचार’ म्हण आणि घोटाकडे परत ये. दहादा गेलं तर दहादा आण. मन रिकामं करायच्या मागे लागलीस तर मात्र चार दिवसांत कंटाळशील.

डोळे मिटायचे नाहीत. एवढ्या जागरणात मिटले की झोप लागतेच, आणि बाळाला घेऊन सोफ्यावर किंवा आरामखुर्चीत झोप लागणं त्याच्या जिवाला धोक्याचं आहे. रात्री नजर त्याच्या कानाच्या पाळीवर ठेव. पेंग येऊ लागली तर सराव तिथेच सोड, आईला हाक मार. फोन हात पोचणार नाही इतका लांब. ध्यानाचं ॲपही नको, कारण ते उघडायला गेलं की आधी घरच्या ग्रुपवरचे निरोप दिसतात.

तुझं सिझेरियन झालंय, म्हणून हेही लिहिते. डोक्यापासून पायापर्यंत लक्ष फिरवायचा जो प्रकार आहे, त्यात टाक्यांपाशी आल्यावर ऑपरेशनची भीती पुन्हा उसळू शकते. काहींना श्वासाकडे पाहिलं तरी गुदमरल्यासारखं होतं. तसं झालं तर आतलं पाहणं लगेच थांबव आणि बाहेरचे तीन आवाज ओळख: पंखा, कुकरची शिट्टी, भाजीवाल्याची आरोळी. तळव्यांना फरशीचा गारवा जाणवू दे.

सहाव्या आठवड्याच्या आसपास बाळं सगळ्यात जास्त रडतात, पुढे तिसऱ्या-चौथ्या महिन्यापर्यंत ते कमी होतं. भूक, लंगोट, ढेकर, ताप सगळं पाहून झालं, तरी रडं थांबत नाही आणि तुझेच हात थरथरायला लागले, तर त्याला पाळण्यात उताणं ठेव आणि पाच-दहा मिनिटं दुसऱ्या खोलीत जा. श्वास सोडताना पाचपर्यंत मोज. बाळाला गदागदा हलवायचं नाही, कुणीच नाही. हा परिच्छेद आई-बाबांना मोठ्यानं वाचून दाखव.

बाळंतपणानंतर तिसऱ्या-चौथ्या दिवशी बाळंतिणीला येणारं रडू साधारण दोन आठवड्यांत ओसरतं. त्यानंतरही रोज उदास वाटलं, बाळ झोपलं असतानाही झोप लागली नाही, कशातच जीव रमला नाही, तर हा सराव पुरणार नाही, डॉक्टरांना दाखवायचं. इथे बाळंतिणींना गेल्या सात दिवसांबद्दल १० प्रश्न विचारतात, १९८७ सालची एडिनबरो प्रश्नावली. तिकडच्या डॉक्टरांनाही ती माहीत असते, तू मागून घे. स्वतःला किंवा बाळाला इजा करावी असं मनात आलं, तर त्याच क्षणी घरात सांग; एकटी राहू नकोस आणि त्याच दिवशी दवाखाना गाठा. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर चोवीस तास चालू असतो, मराठीतही बोलता येतं. आईला तो फ्रिजवर लिहून ठेवायला सांग.

एक छोटी गोष्ट राहिली. पाजायला बसतेस तिथे समोरच्या भिंतीवर एक टिकली लाव, ती दिसली की खांदे सोडायचे. आठवड्यानं नजर सरावते आणि टिकली दिसेनाशी होते. तेव्हा ती वीतभर बाजूला सरकव.

ती. आई-बाबांना सा. नमस्कार. बाळाला गोड पापा.

तुझी,
ताई