डबा आणायच्या आधी

लंडन, ८ जून

ती. सौ. आईस,
सा. न. वि. वि.

मनूच्या बोंडांना चिरा पडल्यात, बाळ सारखं रडतं आणि सगळे पावडरच्या दुधाचा डबा आणा म्हणतायत, असं तू फोनवर म्हणालीस. आई, इतक्यात आणू नकोस. आधी बाळ छाती कशी धरतं ते बघ.

बाळ नुसतं बोंड चोखतं तेव्हाच बहुधा चिरा पडतात. भोवतालचा काळा भागही तोंडात जायला हवा. टाके दुखत असतील तर मनूला कुशीवर झोपून पाजू दे. बाळाचं पोट तिच्या पोटाला लागलेलं असावं, मान वळलेली नको. नाक बोंडासमोर आणायचं, बोंड वरच्या ओठाला हलकेच लावायचं आणि थांबायचं. बाळाने मोठा आ केला की लगेच त्याला छातीकडे घ्यायचं. छाती त्याच्या तोंडात कोंबायची नाही. हनुवटी छातीला टेकलेली, खालचा ओठ बाहेर वळलेला, काळा भाग वरून जास्त आणि खालून कमी दिसला की जमलं. दुखतच राहिलं तर ओढून काढू नका. तोंडाच्या कोपऱ्यातून करंगळी हिरड्यांमध्ये सरकवून पकड सोडवायची आणि पुन्हा लावायचं. बाळाने सोडल्यावर बोंड लिपस्टिकच्या टोकासारखं तिरकं दिसलं, तर पकड अजून वरवरचीच आहे.

दूध पुरतं की नाही ते रडण्यावरून ठरवू नका. दिवसरात्र मिळून ८ ते १२ वेळा पाजायचं, रात्रीचं चुकवायचं नाही. पाचव्या दिवसापासून २४ तासांत निदान ६ लंगोट ओले, शी पिवळी आणि दोन आठवड्यांत वजन पुन्हा जन्माएवढं झालं, तर पुरतंय. तसं नसेल तर डॉक्टरांना दाखवा, वरचं दूध त्यांनी सांगितलं तरच. डब्याने पोट भरलं की बाळ अंगावर कमी ओढतं आणि छाती रिती झाली नाही की दूधही कमी बनतं. आळीव, डिंकाचे लाडू जरूर दे. पण दूध वाढतं ते पाजल्याने. उकाडा कितीही असो, बाळाला पाणी, गुटी, मध काही नको.

छाती भरून कडक झाली की पाजण्याआधी बोंडाच्या मुळाशी बोटांनी आत मिनिटभर दाबून धरायचं, थोडं दूध हाताने काढायचं. पाजल्यावर गार ओल्या कपड्याची घडी. मालिशवाल्या मावशींना सांग, गाठ जोरात चोळायची नाही, त्याने सूज वाढते. लाल चट्टा आणि ताप आला तर त्याच दिवशी डॉक्टर. पाजणं मात्र थांबवायचं नाही, बाळंतिणीला चालणारी औषधं असतात.

काढलेलं दूध टाकू नका. स्वच्छ भांड्यात झाकून लगेच फ्रीजमध्ये ठेवलं तर चार दिवस चालतं. या दुधाचं मोल एवढं की आपल्या सायन हॉस्पिटलात १९८९ पासून त्याची बँक आहे.

शनिवारी व्हिडिओ कॉल कर. मनू बाळाला घेईल तेव्हा फोन खालच्या बाजूने धर, मला हनुवटी आणि खालचा ओठ दिसला पाहिजे.

तुझी,
शुभा