आयपीएल हा मुलांचा कार्यक्रम नाही?

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

मिरजेत एका मैदानालगत माझे किराणा-जनरल दुकान आहे. मैदानावर क्रिकेटचे शिबिर चालते. सुट्टी लागली की सकाळी सकाळी पाठीवर किट लादलेली पोरे माझ्या दारावरून जातात आणि नऊच्या सुमारास परत येऊन फ्रीजपाशी गर्दी करतात. त्यांना हवे असते क्रीडापेय, म्हणजे खेळाडूंसाठी म्हणून विकले जाणारे साखर-मिठाचे पेय. त्याचे नाव बहुतेकांना ठाऊक नसते. खेळाडूचे नाव घेतात आणि "त्याची बाटली द्या" म्हणतात. एका पोराची तर खात्री होती की ती बाटली तो खेळाडूच घरी बनवतो!

वितरकाचा माणूस नवे पोस्टर आणतो तेव्हा ते काउंटरच्या खालच्या अंगाला, उकिडवा बसून चिकटवतो. मोठ्या गिऱ्हाइकाला ते दिसतही नाही. आठ-नऊ वर्षांच्या पोराच्या मात्र बरोबर डोळ्यांसमोर येते. फ्रीज कंपनीचा, त्यामुळे वरचे कप्पे कंपनीचे. साधे पाणी तळाला.

क्रीडापेय हे मुळात थोतांड नाही. १९६५ मध्ये फ्लोरिडा विद्यापीठात रॉबर्ट केड या डॉक्टरांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तिथल्या फुटबॉल संघासाठी गेटोरेड हे पेय तयार केले. उकाड्यात तासन् तास धावणाऱ्या दांडग्या गड्यांच्या अंगातले पाणी आणि मीठ भरून काढायला. पुढे १९९१ मध्ये बास्केटबॉलपटू मायकेल जॉर्डनला घेऊन 'माइकसारखे व्हा' अशी जाहिरात केली आणि ते शाळकरी पोरांच्या हातात पोचले. तेच आता आपल्याकडे. २०२५ च्या फेब्रुवारीत रिलायन्सने मुथय्या मुरलीधरनला सोबत घेऊन 'स्पिनर' नावाचे क्रीडापेय आणले. १५० मिली, दहा रुपये. दहा रुपये म्हणजे पोरांचे खाऊचे पैसे.

आता माझ्या समोरच्या शिबिरात काय चालते ते सांगतो. एका पोराला नेटमध्ये फलंदाजी मिळते पाच-सात मिनिटे. बाकी वेळ रांगेत, नाहीतर सीमारेषेवर गप्पा छाटत. घाम येतो तो उन्हाने. त्याला तहान लागते, आणि तहानेला पाणी पुरते. अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या अकादमीने २०११ मध्येच सांगून ठेवले आहे की खेळणाऱ्या सर्वसाधारण मुलाला पाणी पुरेसे असते आणि क्रीडापेयाची सवय लावू नये. अशा पेयात साखर सहसा १०० मिलीला सहा ग्रॅमच्या आसपास असते. अर्ध्या लिटरला तीस. जागतिक आरोग्य संघटना मोठ्या माणसालाही दिवसाला शक्यतो २५ ग्रॅमच्या आत राहा म्हणते. आमची पोरे जिभा निळ्या-केशरी करून घरी जातात आणि वर जेवत नाहीत म्हणून आया तक्रार करतात, तीही माझ्याच काउंटरवर.

"मग तू का विकतोस?" असे वाचक विचारतील. मी नाही विकली तर शेजारचा विकेल, एवढे साधे आहे. कायदा मला अडवत नाही. शाळेच्या फाटकापासून ५० मीटरच्या आत जादा साखरेचे पदार्थ मुलांना विकू नयेत, असा अन्न सुरक्षा प्राधिकरणाचा २०२० चा नियम आहे. माझे दुकान शाळेपासून लांब. मैदानाला फाटक असले तरी ती शाळा नव्हे.

जाहिरातींचेही तेच. केंद्राने २०२२ मध्ये दिशाभूल करणाऱ्या जाहिरातींविरुद्ध नियम केले. त्यांत जंक फूड आणि फसफसणाऱ्या पेयांच्या जाहिराती मुलांच्या कार्यक्रमांत आणि मुलांच्या वाहिन्यांवर दाखवायला मनाई आहे. पण आयपीएल हा काही मुलांचा कार्यक्रम नाही म्हणे! घरोघरी रात्री अकरापर्यंत टीव्हीसमोर कोण बसलेले असते? दुसरे एक कलम असे की ज्या मालाच्या जाहिरातीत आरोग्याचा इशारा द्यावा लागतो किंवा जो मुलांना विकत घेता येत नाही, त्याच्या मुलांसाठीच्या जाहिरातीत खेळाडू, गायक, नट नकोत. क्रीडापेयाला असा इशारा लागत नाही. म्हणजे सुटले.

खेळाडूंनी पैसे मिळवू नयेत असे मी म्हणत नाही. कारकीर्द दहा-पंधरा वर्षांची, त्यात एखादी दुखापत. पण पुलेला गोपीचंद २००१ मध्ये बॅडमिंटनची ऑल इंग्लंड स्पर्धा जिंकून आला तेव्हा त्याने कोलाची जाहिरात नाकारली, आणि तेव्हा त्या खेळात क्रिकेटसारखा पैसा नव्हता. जे मी पीत नाही ते दुसऱ्याला प्या म्हणणार नाही, अशी भूमिका विराट कोहलीने २०१७ मध्ये पेप्सीबाबत घेतली. आमच्या पिढीने कपिलच्या आणि मग सचिनच्या शब्दावर बूस्ट प्यायले. (धावा काही वाढल्या नाहीत.) पण ते निदान घरी, दुधात, आई ढवळून द्यायची. ही बाटली पोरगा एकटा येऊन घेतो.

केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने २०२२ च्या नियमांत दोन दुरुस्त्या कराव्यात. साखर घातलेल्या कुठल्याही पेयाच्या मुलांसाठीच्या जाहिरातीत खेळाडू नको, इशारा लागो वा न लागो. आणि क्रिकेटचे थेट प्रक्षेपण हा मुलांचाही कार्यक्रम धरावा. दुकानातली पोस्टरे त्यात आली तर माझ्या काउंटरची फळीही मोकळी होईल.

जाता जाता, संपादक महोदय, आयपीएलच्या दिवसांत आपल्या क्रीडा पानाच्या तळाशी कोणाच्या जाहिराती असतात तेही एकदा बघावे. पत्र जागेअभावी कापावे लागले तर हे वाक्य ठेवून दुसरे कुठलेही कापा.

आपला,
एक किराणा दुकानदार, मिरज