दोन डोळे, दोन पांढरे

पुणे,
कार्तिक वद्य

प्रिय दिनू,

सप्रेम नमस्कार. उजव्या डोळ्याचे मोतीबिंदूचे ऑपरेशन व्यवस्थित झाले, थेंब चालू आहेत, डाव्याचे संक्रांतीनंतर करायचे ठरले आहे. एवढेच असते तर फोनवर भागले असते. पण पट्टी निघाल्यानंतर जे दिसू लागले ते तुझ्याखेरीज कुणाला सांगावे हे मला सुचेना.

गॅलरीत वाळत घातलेले माझे धोतर डाव्या डोळ्याने मळकट पिवळसर दिसते आणि उजव्याने स्वच्छ, किंचित निळसर पांढरे. डॉक्टर म्हणाले, पिकलेले भिंग निळा प्रकाश अडवून धरत होते, तो आता मोकळा आत येतो. फ्रेंच चित्रकार मोनेच्या उजव्या डोळ्याचे ऑपरेशन १९२३ साली झाले आणि त्यानंतर रंगांनी त्यालाही असेच छळले, हे तूच मला एकदा सांगितले होतेस. तेव्हा ती मला चित्रकारांची गोष्ट वाटली होती. आता संगणकावर रॉ फाइल, म्हणजे सेन्सरने टिपलेली कच्ची नोंद, उघडून बसलो की उजव्या डोळ्याला पटलेली त्वचा डाव्याला हळद लावल्यासारखी दिसते, आणि दोन्ही उघडे ठेवले की तिसराच रंग समोर येतो.

आणि नेमके मार्गशीर्षात धाकटीच्या मुलीचे लग्न आहे. फोटो मी काढायचे हे तिने गृहीतच धरले आहे, आणि घरच्यांना ते त्याच संध्याकाळी फोनवर हवे आहेत. म्हणजे जेपेग, कॅमेऱ्यानेच रंग ठरवून बांधलेली तयार फाइल, आणि तीही निघेल तशीच. ‘रॉ काढ, मग बघू’ हा तुझा सिंहगडावरचा हेका मला आठवतो; झुणका-भाकर निवत ठेवून तू भांडला होतास. पण ‘मग बघू’ म्हणताना बघणाऱ्या डोळ्यावर भरवसा लागतो, दिनू. माझा तो सध्या नाही, म्हणून रंगाचा निर्णय शटर दाबण्याआधीच, मोजून घेतला पाहिजे, या मताला मी आलो आहे.

परवा कर्वे रस्त्याजवळच्या त्या कार्यालयात जाऊन आलो. खिडक्यांतून दिवसाचा प्रकाश येतो, छताला एलईडी आहेत आणि व्यासपीठावर व्हिडिओवाल्यांचे पिवळे दिवे लागणार आहेत. पांढरे पांढरेच दिसावे म्हणून कॅमेरा जो व्हाइट बॅलन्स धरतो, तो माझ्या निकॉनमध्ये उन्हासाठी ५२०० केल्विनचा आणि पिवळ्या दिव्यांसाठी ३०००चा. मधला कुठलाही आकडा धरला तरी एलईडीची हिरवट झाक तशीच राहते, कारण केल्विन फक्त निळ्या-पिवळ्याचा हिशेब ठेवतो, हिरव्या-जांभळ्याचा नाही. म्हणून बोहल्यावर, नवरीच्या चेहऱ्याच्या जागी ग्रे कार्ड, म्हणजे तटस्थ राखाडी पुठ्ठा, धरून व्हाइट बॅलन्सचा प्रीसेट मोजला. धाकटी म्हणाली, अंतरपाटावरच मोज की, तो पांढराच असतो. तिला समजावले की निळीतून काढलेले कापड मुळात निळसर असते; त्यालाच पांढरे मानले तर कॅमेरा ती निळाई मारायला सगळ्या मांडवावर पिवळा रंग चढवील.

खरी भीती कुंकवाची आणि लाल शालूची आहे. सेन्सरने १४ बिटांत टिपलेल्या १६,३८४ पायऱ्यांतून जेपेगच्या हाती प्रत्येक रंगाच्या २५६च उरतात. ‘व्हिव्हिड’ या भडक रंगशैलीवर ठेवले की लाल आधीच टोकाला जाऊन बसतो आणि शालूच्या चुण्या सपाट होतात. तिन्ही रंगांचा एकत्र हिस्टोग्राम, म्हणजे उजेडाच्या वाटणीचा आलेख, तेव्हा निर्धास्त दिसतो, म्हणून मी लालचा वेगळा उघडून पाहतो. म्हणून ‘न्यूट्रल’ ही सौम्य शैली घेतली, सॅच्युरेशन एक घर खाली आणले, कॉन्ट्रास्टही थोडा उतरवला. हिस्टोग्राम या जेपेगवरूनच काढलेला असतो, त्यामुळे सेटिंग मवाळ ठेवले की तोही सेन्सरवर खरोखर काय टिपले गेले याच्या जवळ जातो. सावल्या उजळणारे ॲक्टिव्ह डी-लायटिंग ‘लो’ ठेवले आहे; त्याहून वर नेल्यास सावळे चेहरे उजळतात खरे, पण सावल्यांत गोंगाट, म्हणजे दाणेदारपणा, वर येतो. आणि कमी उजेडातले हे दाणे पुसणारे हाय आयएसओ नॉइज रिडक्शन ‘नॉर्मल’वर होते तेव्हा धाकटीच्या पैठणीच्या पदरातले मोर आयएसओ ३२००ला मेणासारखे गुळगुळीत झाले, ‘लो’ केल्यावर जरीची तार पुन्हा तार दिसू लागली, आणि त्यासोबत येणारे थोडे दाणे मला मुळीच खुपत नाहीत. हा शेवटचा मुद्दा तू नक्की खोडून काढणार. काढ. पण कॅमेरा ही सारी कामे सेन्सरच्या पूर्ण माहितीवर करून मग जेपेग बांधतो. तेच फेरफार तयार जेपेगवर नंतर केले तर आकाशात पट्टे उमटतात, हे तुझ्याच हरिश्चंद्रगडाच्या फोटोंत आपण पाहिले आहे.

नातू झाल्याचे कळले, मनापासून आनंद झाला. वहिनींचा गुडघा आता कसा आहे? नाशिकचे घर रंगवून झाले का, तेही कळव.

आता काम सांगतो. धाकटीला बोहल्यावर बसवून काढलेले पाच फोटो पेनड्राइव्हवर सोबत पाठवतो आहे. प्रत्येकाचा प्रीसेट वेगळा आहे, पण तो कोणता हे मुद्दाम लिहिलेले नाही. तुझे दोन्ही डोळे अजून एकमताने पाहतात. दिवसा, खिडकीकडे पाठ करून बघ आणि तिचे कपाळ व पदराची कड ज्यात खरी वाटेल त्याचा क्रमांक कळव. तिला तू लहानपणापासून पाहिले आहेस, त्यामुळे तुझा शब्द मी मानीन. मुहूर्ताच्या आदल्या दिवशीपर्यंत उत्तर आले तरी पुरे.

तुझा,
मधू