'हो' म्हणणारी माणसं

सोलापूर, १३ मे

चि. सोनू,
अनेक आशीर्वाद.

काल परिचारिका दिनालाच आमच्या नर्सिंगच्या ट्यूटर मॅडमचा निरोप समारंभ झाला. बाहेर चपलेला डांबर चिकटेल असं ऊन, आत भाषणांवर भाषणं. शाल, श्रीफळ आणि अर्थातच चादर. बत्तीस वर्षांतल्या प्रत्येक बॅचनं सोलापुरी चादरच आणलेली! मॅडमना आता दुकान काढावं लागेल. 'फ्लोरेन्स नाइटिंगेलचा वारसा' तीन वक्त्यांनी सांगितला, पण मॅडम शिकवायच्या कशा, ते एकानंही सांगितलं नाही. रात्री झोप येईना, म्हणून लिहायला बसले.

तू मागं फोनवर म्हणालीस, "आई, 'समजलं का?' विचारलं की सगळ्या मुली हो म्हणतात आणि वॉर्डात नेल्या की साधा बीपी घेता येत नाही." तेव्हा मी गप्प बसले. आता ऐक.

मी पहिल्या वर्षाला होते. हातात भरलेली सिरिंज. केसपेपरवरचं नाव वाचून कॉटवरच्या आजीला विचारलं, "तुम्हीच ना या?" आजीनं मान हलवली. सुई टोचणार, तेवढ्यात मागून मॅडमनी माझं मनगट धरलं. आजी पूर्व भागातली, विड्या वळणारी, घरी तेलुगूच बोलणारी. माझं बोलणं तिला कितपत कळलं देव जाणे. मॅडमनी सिरिंज ट्रेमध्ये ठेवायला लावली आणि वाकून तेलुगूत नाव विचारलं, "मी पेरू एमिटी?" आजीनं नाव सांगितलं. दुसरंच! माझी पेशंट शेजारच्या कॉटवर होती.

वॉर्डात त्या एक शब्द बोलल्या नाहीत. दुपारी मला सगळं वहीत लिहायला लावलं आणि खाली स्वतः सही केली, 'माझ्या देखरेखीखाली' असं लिहून. मग म्हणाल्या, "आजारी माणूस कशालाही हो म्हणतो. नाव विचारायचं, सुचवायचं नाही."

योग्य रुग्ण, योग्य औषध, योग्य मात्रा, योग्य मार्ग, योग्य वेळ हे आम्हाला तोंडपाठ होतंच. पण त्यातलं पहिलं 'योग्य' मला त्या दिवशी कळलं.

पुढच्या आठवड्यापासून फळ्याच्या कोपऱ्यात रोज एक वाक्य. तेलुगूत 'एक्कड नोप्पी?', कन्नडमध्ये 'एल्ली नोवू?'. कुठं दुखतंय, एवढंच. मॅडम स्वतः कोकणातल्या, हे सगळं वॉर्डातल्या मावशींकडून शिकलेल्या. आणि हो, वैद्यकीय पथकातून चीनला गेलेले डॉ. कोटणीस इथल्या पोराटोरांना माहीत, पण चीनमधली त्यांची पत्नी क्वो चिंगलान नर्स होती, हे आम्हाला मॅडमनीच सांगितलं. तेही जरा ठसक्यात!

'समजलं का?' हा प्रश्न त्यांच्या तोंडून मी कधी ऐकला नाही. "दाखव," म्हणायच्या. श्वास मोजायचा धडा असला की स्वतः कॉटवर आडव्या व्हायच्या. नाडी मोजून झाली तरी बोटं मनगटावरून काढायची नाहीत, नजर छातीवर ठेवायची. श्वास मोजतायत हे कळलं की पेशंटचा श्वास बदलतो. मी पहिल्यांदा हात सोडला, तर मॅडमनी मुद्दाम धापा टाकायला सुरुवात केली. अख्खा वर्ग हसला. त्यानंतर मी कधी चुकले नाही.

काल स्टेजवर अधिसेविका झालेल्या, परिसेविका झालेल्या, सगळ्या पाया पडत होत्या. गर्दी पांगल्यावर मी गेले. चष्मा वर करून त्यांनी विचारलं, "तुझी लेक शिकवते ना आता?"

मी म्हटलं, "हो."

स्वतःच हसल्या. "बघ, मीच चुकीचं विचारलं. काय शिकवते ते सांग."

मला सांगता आलं नाही गं. तू दमलेली असतेस, पगार वेळेवर होत नाही, हॉस्टेलचं जेवण बरं नाही, एवढंच मला माहीत. तेव्हा या आठवड्यात वर्गात काय घेतलंस ते सविस्तर लिही. रविवारी मी मॅडमकडे जाणार आहे. शेंगाचटणी तुझ्या मामाबरोबर पाठवतेय, डब्याचं झाकण घट्ट लाव.

तुझी,
आई