‘गंग-हो’ म्हणजे सहकारी नव्हे

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या रविवार पुरवणीतील एका अनुवादित लेखात वरिष्ठांना न विचारता तुकडी पुढे दामटणाऱ्या सेनाधिकाऱ्याला ‘सहकारी वृत्तीचा’ म्हटले आहे. मूळ इंग्रजी विशेषण ‘गंग-हो’ असल्याचे लेखातच कंसात दिले होते, म्हणून हे पत्र. चूक कुठून आली हे कळण्यासारखे आहे. शब्दकोशात या शब्दाच्या व्युत्पत्तीपुढे ‘चिनी; एकत्र काम करणे’ अशा आशयाचे काही असते आणि घाईत तोच अर्थ म्हणून उचलला जातो.

व्युत्पत्तीही तितकी सरळ नाही. 1938 मध्ये जपानी आक्रमणामुळे चीनच्या किनाऱ्यावरचे कारखाने हातचे गेले, तेव्हा आतल्या प्रांतांत लहान लहान औद्योगिक सहकारी संस्था उभ्या राहिल्या. न्यूझीलंडचे रेवी अ‍ॅली हे या चळवळीतले प्रमुख नाव. या संस्थांचे चिनी नाव साधारण ‘गोंगये हत्स्वो-श’ असे: गोंगये म्हणजे उद्योग, हत्स्वो म्हणजे सहकार्य, श म्हणजे संस्था. पहिल्या दोन शब्दांचे आद्याक्षर घेऊन ‘गोंग-ह’ झाले. आपण महानगरपालिकेला ‘मनपा’ म्हणतो तसेच. ‘गोंग’मध्ये काम आहे आणि ‘ह’मध्ये एकत्र येणे आहे, म्हणून ते घोषणेसारखेही वाजते, पण चिनी माणूस सहकार्याला एरवी ‘हत्स्वो’च म्हणतो.

अ‍ॅलींकडून हा शब्द अमेरिकन मरीन (समुद्रातून जमिनीवर उतरून लढणारे सैन्य) दलातले अधिकारी इव्हान्स कार्लसन यांनी घेतला. 1942 मध्ये त्यांनी दुसरी मरीन रेडर बटालियन उभारली आणि ‘गंग-हो’ हे तिचे ब्रीद केले. ते नुसते भिंतीवर लिहिण्यापुरते नव्हते. दहा जणांच्या तुकडीत एक नायक आणि तीन-तीन जणांचे तीन गट, अशी रचना केली. ‘गंग-हो सभा’ भरत आणि तिथे साधा सैनिकही अधिकाऱ्यासमोर बोलू शके. म्हणजे जन्माच्या वेळी शब्दात सहकार होता, हे खरे. पण त्याच वर्षीच्या ऑगस्टमधील, पॅसिफिक महासागरातल्या जपान्यांच्या ताब्यातील मेकिन बेटावरच्या छाप्याने पथक गाजले, 1943 मध्ये त्यावर याच नावाचा हॉलिवूडपट आला, आणि लोकांच्या लक्षात सभा राहिल्या नाहीत, चढाई राहिली. मरीनांच्याच बोलीत जरा जास्त जोशात येणाऱ्याला चिडवायला हा शब्द वापरला जाऊ लागला. आज सर्वसाधारण इंग्रजीत उरले आहे ते उतावळेपण, विशेषतः लढाईच्या किंवा जोखमीच्या बाबतीत. गुडघ्याला बाशिंग बांधलेला आपला उतावळा नवरा या शब्दाच्या जवळ जातो. सहकारी संस्थेचा सभासद नाही.

अनुवाद करताना शब्दाच्या आजूबाजूला पाहावे. पुढे ‘अबाउट’ असेल आणि बोलणारा खूश असेल तर ‘अगदी उत्साहात’, ‘कंबर कसून तयार’ चालेल: ‘नव्या प्रकल्पासाठी ती अगदी कंबर कसून तयार आहे.’ नकार असेल तर जोर एकदम उतरतो; ‘तो फारसा गंग-हो नाही’ म्हणजे ‘त्याला फारसा उत्साह नाही’, एवढेच. विशेषण थेट सेनापती, गुंतवणूकदार, धोरण अशा नामाला चिकटले असेल तर बहुधा टीका असते आणि तिथे ‘उतावीळ’, ‘आततायी’, ‘मागचापुढचा विचार न करणारा’ यांतले एक निवडावे. आपल्या लेखात ‘आततायी’ बसले असते. उच्चारात ‘रंग’मधला ठसठशीत ग नको, पहिले अक्षर नाकात संपते आणि आघात ‘हो’वर पडतो.

सहकार्याचे खरे इंग्रजी विशेषण ‘को-ऑपरेटिव्ह’, आणि तेही एका मराठी शब्दात मावत नाही. लॅटिनमध्ये ‘को’ म्हणजे सह आणि ‘ओपेरारी’ म्हणजे काम करणे, म्हणून ‘सहकारी’ हा चोख प्रतिशब्द वाटतो. बँक, दूधसंघ, गृहनिर्माण संस्था इथे तो चोखच आहे. पण डॉक्टरच्या टिपणातला को-ऑपरेटिव्ह रुग्ण ‘सहकारी रुग्ण’ झाला की त्याचे भागभांडवल किती आणि वार्षिक सर्वसाधारण सभा कधी, असे विचारावेसे वाटते. तिथे ‘सहकार्य करणारा रुग्ण’ लिहावे. दोन विद्यापीठांचा असा प्रकल्प असेल तर ‘संयुक्त’. त्यातून मराठीत ‘माझे सहकारी’ म्हणजे सोबत काम करणारे, हे नाम वेगळेच. ‘सहकारी डॉक्टर’ वाचून मनात येतो तो हाच अर्थ.

बडोद्यात तरी सहकार आणि जोश यांतला फरक जुना आहे. विठ्ठल लक्ष्मण ऊर्फ भाऊसाहेब कवठेकर यांच्या पुढाकाराने 1889 मध्ये इथे निघालेली पतसंस्था ‘अन्योन्य सहकारी मंडळी’ होती. सहकारी पतसंस्थांचा कायदा यायला अजून पंधरा वर्षे होती. नावातल्या ‘अन्योन्य’मध्ये एकमेकांना देणे-घेणे आहे, जोश कुठेही नाही. सयाजीराव महाराजांच्या राज्यात 1931 मध्ये ‘श्री सयाजी शासन शब्दकल्पतरू’ निघाला तो कारभारातल्या इंग्रजी शब्दांना नेमके देशी प्रतिशब्द ठरवण्यासाठीच.

‘गंग-हो’ला एक ठरावीक प्रतिशब्द मात्र नको. आपल्या अनुवादकांच्या टिपणवहीत त्यापुढे ‘संदर्भ पाहून: उत्साही / उतावीळ / आततायी’ एवढे लिहून ठेवावे, आणि ‘सहकारी’वर काट मारावी.

आपले,
इंग्रजीचे दोन शिक्षक,
दांडिया बाजार, वडोदरा