रस्त्याखालची पोकळी रस्ता खचण्याआधी शोधा: सार्वजनिक बांधकाम मंत्र्यांना खुले पत्र

माननीय मंत्री महोदय,
सविनय नमस्कार.

२८ जानेवारी २०२५ रोजी जपानमधल्या याशिओ शहरात रस्ता खचला आणि एक ट्रक चालकासह खड्ड्यात गेला. खाली १९८३ साली टाकलेली सांडपाण्याची वाहिनी होती. चालक वाचला नाही. वाहिनी फुटली की भोवतालची माती पाण्याबरोबर थोडीथोडी आत वाहून जाते, वरचे डांबर मात्र जसेच्या तसे दिसते. म्हणजे शोध घ्यायला वेळ असतो. मला छळते ते हेच.

मी भूभौतिकीची अभ्यासक आहे. आमची रीत साधी आहे. रस्त्यावर ओळीने चोवीस जिओफोन, म्हणजे जमिनीची थरथर टिपणारी छोटी उपकरणे, लावायची, धातूच्या पट्टीवर घण मारायचा आणि जमिनीतून येणारी कंपने नोंदवायची. यातली पृष्ठलहर जमिनीच्या पृष्ठभागालगत धावते; तिची लांबी जितकी जास्त, तितकी ती खोल जाते. ढोबळमानाने लांबीच्या निम्म्या खोलीपर्यंतची खबर ती आणते. सैल मातीत ती मंदावते. कातरलहरी, म्हणजे मातीला आपल्या वाटेच्या आडव्या दिशेने हलवणाऱ्या लहरी, तर हवेतून किंवा पाण्यातून जातच नाहीत. त्यामुळे पोकळीपाशी काही ऊर्जा मागे परतते, काही विरते, आणि नोंद विस्कटते. त्या विस्कटण्यातच आम्ही पोकळी शोधतो.

बऱ्याचदा नुसते भूभेदी रडार, म्हणजे जमिनीत रेडिओलहरी सोडून परतणाऱ्या लहरी टिपणारे यंत्र, फिरवून काम संपवले जाते. ते झटपट होते, हे खरे. पण ओल्या चिकणमातीत त्याची नजर मीटर-दीड मीटरवरच अडते, आणि मोठ्या वाहिन्या त्याहून कितीतरी खोल असतात.

कंपनांनाही सगळे दिसत नाही, हे मी लपवणार नाही. जसजसे खोल जावे तसतसा तपशील पुसट होतो. दहा मीटर खाली हातभर रुंदीची पोकळी असेल, तर ती निसटेल. म्हणून ‘पोकळी आढळली नाही’ एवढ्या एका वाक्याचा अहवाल स्वीकारू नका. किती खोलीपर्यंत पाहिले आणि किती मोठी पोकळी नजरेतून सुटू शकते, हे लिहिल्याशिवाय ठेकेदाराचे बिल मंजूर होऊ नये, अशी अट निविदेतच घाला. संशयाच्या जागी बोअर घेऊन खात्री करणेही त्याच कामाचा भाग असू द्या.

सुरुवात सर्वांत जुन्या आणि खोल वाहिन्यांवरच्या रस्त्यांपासून व्हावी. दरवर्षी त्याच रेषेवर पुन्हा मोजणी झाली, तर एका नोंदीत न कळलेला बदल दोन नोंदींच्या तुलनेत कळू शकतो. घणाच्या क्षीण लहरी वाहनांच्या धडधडीत बुडतात, तेव्हा पथकांना रात्रीचे काही तास रस्ता बंद ठेवण्याची परवानगी आपल्या कार्यालयातून थेट मिळावी, ही विनंती.

आपली नम्र,
एक भूभौतिकी अभ्यासक